प्रवचनातली मुलगी

१२ ऑगस्ट

ती. आजोबांस,
तुमच्या शंकाबाईचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, आणि आज जे सांगायचंय ते अर्धं ऐकून चालणार नाही, म्हणून पत्र. शिवाय तुम्ही पत्र आधी पुरतं वाचता आणि मग बोलता. आपल्या घरात हा गुण दुसऱ्या कुणात नाही.

मागच्या पत्रांत मी लिहिलं होतं की अभ्यास उत्तम चालू आहे. ते खरं नव्हतं. मागच्या सत्रात मी दोन विषयांत नापास झाले. घरी ‘निकाल लागायचाय’ असं सांगून वेळ मारून नेली. आळस म्हणाल तर तोही नाही. मी पुस्तक उघडते, ओळ वाचते, आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात निघून गेलेली असते. दिवसभर डोळ्यांवर झापड आणि अंगात शिसं ओतल्यासारखं. मैत्रिणी जेवायला हाक मारतात, तेव्हा ‘आले’ म्हणते आणि तिथेच बसून राहते.

महिन्याभरापूर्वीची एक सकाळ सांगते. आम्ही भूगर्भशास्त्रवाले दगडाची चकती काचपट्टीला चिकटवतो आणि ओल्या भुकटीवर घासत घासत इतकी पातळ करतो, की तिच्यातून उजेड आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या मळकट दगडात असे रंग दिसतात की बघत राहावं. घासताना मध्ये मध्ये थांबून पाहायचं असतं, नाहीतर दगडच संपतो. त्या सकाळी मी थांबलेच नाही. मी स्वतः खाणीत उतरून आणलेला तुकडा होता. कार्यशाळेतले मामा शेजारी येऊन म्हणाले, “ताई, दगड केव्हाच गेला. आता काच घासताय.” सगळे हसले. मीही हसले. पण हात थांबेनात. मामांनी माझं मनगट धरलं तेव्हा थांबले.

त्यानंतर मी आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, हा आळस नाही, स्वभावही नाही, आजार आहे. याला औषध आहे, वेळ मात्र लागेल. एक वर्ष परीक्षा बाजूला ठेव, असा त्यांचा आग्रह आहे. विद्यापीठ तशी रजा देतं, पण अर्जावर वडिलांची सही लागते आणि ३० सप्टेंबर ही शेवटची तारीख आहे. रजा मिळाली नाही तर मला परीक्षेला बसावं लागेल, आणि या वेळी नापास झाले तर नाव कायमचं कमी होईल.

बाबांना मी स्वतः सांगणार आहे. सप्टेंबरच्या अखेरीस ते चष्म्याच्या दुकानासाठी भिंगं घ्यायला इकडे येतात, तेव्हा समोर बसवून, माझ्या शब्दांत. ते आधी घाबरतील, मग चिडतील, मग सही करतील. तो क्रम मला सांभाळता येईल. पण त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर काहीच सांभाळता येणार नाही.

तोवर हे तुमच्यापाशीच राहू दे. एवढंच मागते.

तुमची,
शंकाबाई

२० ऑगस्ट

चि. शंकाबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र सकाळच्या पूजेनंतर उघडले आणि पुन्हा पुन्हा वाचले. मन फार कासावीस झाले. आठव्या वर्षी माझ्या प्रवचनात पहिल्या रांगेतून हात वर करून ‘आजोबा, देवाला सगळं माहीत असतं तर प्रार्थना कशाला सांगायची?’ असे विचारणारी आणि सभेसमोर माझी बोबडी वळवणारी मुलगी एक ओळ धरून ठेवू शकत नाही, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

तू मागितलेस ते दिले. तुझी गोष्ट माझ्या ओठांबाहेर जाणार नाही. तुझ्या वडिलांनाही मी काही सांगणार नाही. तूच सांग. तुझा विचार योग्य आहे.

तू खचलीस म्हणून स्वतःला हीन मानू नकोस. आपल्या शास्त्रातला श्रेष्ठ उपदेश हातपाय गळून बसलेल्या माणसालाच झालेला आहे. ताठ उभ्या असलेल्याला तो ऐकूच आला नसता. डॉक्टरबाईंचे औषध घेत जा. त्याच्या जोडीला, जमल्यास, पहाटे उठून लहानपणी मी शिकवलेला पाठ म्हणत जा. अर्थ मनात उतरला नाही तरी चालेल. आवाज तेवढा उमटू दे.

एक विचारतो. त्या काचेची गोष्ट माझ्या मनातून हलत नाही. चकती नेमकी किती पातळ करावी लागते? उजेड आरपार गेला हे कळते कसे? आणि दगड पुरता संपतो, तेव्हा काचेवर काही खूण उरते, की काच पूर्ववत स्वच्छ होते? सवड झाली म्हणजे सविस्तर लिही. म्हाताऱ्याचे कुतूहल समज.

तुझे,
आजोबा

२९ ऑगस्ट

ती. आजोबांस,
नमस्कार.

तुमचं पत्र उशीखाली ठेवलंय. हसू नका.

गेल्या वर्षभरात मला मार्कांविषयी सगळ्यांनी विचारलं. दगडाविषयी विचारणारे तुम्ही पहिले. म्हणून सगळं सांगते. चकती कागदाहूनही पातळ व्हावी लागते. ती झाली की नाही ते रंगावरून ओळखायचं. गारगोटीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली आधी झगझगीत दिसतो, गुलाबी, निळा. पातळ होत गेला की पिवळा, आणि अगदी बेताला आला की साधा राखाडी. नवख्या माणसाला वाटतं रंग गेले, बिघडलं. खरं तर तेव्हाच थांबायचं असतं. त्याच्या पुढे गेलात की राखाडीही जातो आणि काळोख उरतो. आणि हो, काचेवर खूण उरते. काच धुरकट होते. धुऊन जात नाही.

औषधाने तोंड कोरडं पडतं, पण काल एक पूर्ण परिच्छेद वाचला आणि तो लक्षात राहिला. डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मी परीक्षेत पहिली आल्यासारखा चेहरा केला. त्यांच्या खोलीतला पंखा इतका खडखडतो की आपण काय बोललो ते बाहेरच्या बाकावर कुणाला ऐकू जात नाही. मला तर वाटतं, त्या मुद्दामच दुरुस्त करून घेत नाहीत.

त्यांना न सांगितलेलं एक तुम्हाला सांगते. लोक झोपेत बुडाल्याची स्वप्नं बघतात. मी जागेपणी बुडते, आणि काठावरचे सगळे मला हात करून विचारत असतात, ‘पाणी कसं आहे?’ हे वाक्य गेले कितीतरी दिवस डोक्यात फिरत होतं. आज तुमच्याजवळ ठेवलं, तर हलकं वाटलं.

पहाटेचा पाठ जमत नाही. पहाट ही माझी सगळ्यात वाईट वेळ असते. रागावू नका.

तुमची,
शंकाबाई

१० सप्टेंबर

चि. शंकाबाईस,
आशीर्वाद.

तुझे पत्र म्हणजे मला मिळालेला प्रसाद समजतो. पाठाविषयी रागावण्याचे कारण नाही. जेव्हा जमेल तेव्हा.

इकडे सर्व क्षेम. रविवारचे प्रवचन पुष्कळ वर्षांनी मनासारखे झाले. अलीकडे सभेत जांभया फार वाढल्या होत्या; चिटणीस तर मला सुचवू लागले होते की वेळ जरा आटोपती घ्या. या रविवारी मात्र कुणी उठले नाही. मागच्या खुर्च्यांवरच्या बाया डोळे टिपत होत्या. प्रवचन संपल्यावर लोक बराच वेळ बसून राहिले. चिटणिसांनी ध्वनिमुद्रण केले आहे. ‘अण्णा, हे सगळीकडे गेलं पाहिजे’ असे म्हणत होते.

विषय काय होता, ते तू भेटलीस की सांगेन. पत्रात त्याची गोडी उतरत नाही.

औषध चुकवू नकोस.

तुझे,
आजोबा

१८ सप्टेंबर

आजोबा,

विषय काय होता ते मला कळलं.

काल खोलीतली मैत्रीण केस विंचरत होती. म्हणाली, “अगं हे ऐक, आईने पाठवलंय. कुणीतरी तुझ्यासारखीच दगडवाली आहे.” आणि फोनमधून तुमचा आवाज आला. मी आधी हरखले. आजोबांचा आवाज, माझ्या खोलीत! मग तुम्ही म्हणालात, “एक विद्यार्थिनी. नाव कशाला हवे? ती दगड घासत होती.”

तुम्ही काहीच सोडलं नाहीत. मामा, त्यांचं वाक्य, सगळ्यांचं हसणं. सभाही हसली, ध्वनिमुद्रणात ऐकू येतं. मग तुमचा आवाज खाली गेला, मोठ्या प्रसंगी जातो तसा. “दगड म्हणजे अहंकार. तो असा घासावा की घासणाऱ्याला कळूही नये तो केव्हा संपला.” आणि सभा म्हणाली, “वाहवा!”

आजोबा, तो अहंकार नव्हता. ती मी होते.

मग ते बुडण्याचं वाक्य. शब्दाला शब्द. ‘पाणी कसं आहे?’ याच्यानंतर तुम्ही थांबलात. किती वेळ थांबायचं ते तुम्हाला बरोबर माहीत आहे. मैत्रिणीचा कंगवा केसांतच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने फोन बंद केला. पण मी तो परत लावायला लावला, कारण मला शेवट ऐकायचा होता. मला स्वतःलाच माहीत नसलेला माझा शेवट.

“त्या मुलीने पहाटे उठून पाठ धरला. मळभ सरले. आणि आज ती विद्यापीठात पहिली आली आहे.” टाळ्या.

आज सकाळी विभागात सरांनी मला जिन्यात अडवलं. “काय, अहंकार कितपत झिजला?” त्यांच्या सासूबाई तुमच्या सभेला येतात. सरांनी ती चेष्टा म्हणूनच केली. ते तसे वाईट नाहीत.

हे सगळं मी गिळलं असतं. पण बाबांचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदाने फाटत होता. “अगं वेडे, आठवडाभर तुझ्या तोंडून ऐकायची वाट पाहिली, मला का नाही सांगितलंस? अण्णा सगळ्या सभेला सांगतात, आणि बापाला दुसऱ्या रांगेत बसून कळतं! पण जाऊ दे, बरी झालीस ना? पहिली आलीस!” मी म्हटलं, “बाबा, मी पहिली नाही आले. मी नापास झाले. मला रजा हवी आहे, तुमची सही हवी आहे.” तर ते हसले. म्हणाले, “पुन्हा तसले विचार मनात आणू नकोस. पाठ सोडलास वाटतं?” मी म्हटलं, “बाबा, ती गोष्ट खरी नाही.” ते म्हणाले, “अण्णा खोटं बोलतील का?”

लहानपणी हे वाक्य मीच सगळ्यांना ऐकवायची.

सही ते करणार नाहीत. इकडे येणारही नाहीत. भिंगं आता कुरियरने मागवतात म्हणे. जे मी समोर बसवून, माझ्या क्रमाने सांगणार होते, ते तुम्ही माझ्या आधी, माझ्या शब्दांत सांगून टाकलंत. आणि शेवट तेवढा तुमचा लावलात.

मला बाकी काही नको. बाबांना एवढंच सांगा की शेवट खोटा आहे. अजून तारीख गेलेली नाही.

— नात

२२ सप्टेंबर

चि. शंकाबाईस,
आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुला दुःख झाले, हे पाप माझे. तथापि माझी बाजू तू ऐकावीस. ऐकून मग जो दंड द्यायचा तो दे.

तुझे नाव मी घेतले नाही. गाव, विद्यापीठ, घराणे, काही काही नाही. मला खरोखर वाटले, की त्या आडपडद्यामागे तू सुरक्षित आहेस. सभेत पुष्कळ आईबाप बसतात, ज्यांची मुले तुझ्यासारखीच मिटून गेली आहेत आणि ज्यांना वाटते की मुले माजली. त्यांच्यासाठी बोललो. एक गृहस्थ प्रवचनानंतर मला म्हणाले, ‘आज घरी जाऊन मुलाशी नीट बोलतो.’ हे काही थोडे नव्हे.

शेवटाविषयी म्हणशील, तर ती आमच्या पंथाची शिस्त आहे. माझ्या गुरुजींनी मला पहिल्या दिवशी बजावले होते, की ऐकणाऱ्याला अंधारात सोडून व्यासपीठावरून उतरू नये. दृष्टांत कितीही काळोखात शिरला तरी त्याला उजेडात आणूनच वाणीला विराम द्यावा. आयुष्यभर मी ती शिस्त पाळली. त्या रविवारी तुझे बुडणे सांगितले, सभा स्तब्ध झाली, आणि मला दिसले की ही माणसे आता माझ्याकडे डोळे लावून बसली आहेत. त्यांना तिथे सोडून मी कसा उतरणार? म्हणून मी तुला बरे केले. त्या क्षणी ते मला खोटे वाटले नाही, आशीर्वाद वाटला.

तुझे वडील सभा पांगल्यावर माझ्याजवळ आले. डोळे भरलेले. “अण्णा, ती आपलीच ना?” मी मान डोलावली. “आणि बरी आहे ना आता?” त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला पुन्हा मान डोलवावी लागली. त्यानंतर दोनदा त्यांच्या दुकानावरून गेलो. ते गिऱ्हाइकांना तुझी गोष्ट सांगत होते. पायरी चढलो नाही.

आता प्रायश्चित्त ठरवले आहे. येत्या रविवारी भर सभेत सांगणार आहे, की ज्या मुलीची कथा मी सांगितली तिचा शेवट मी रचला, तिचा विश्वास मी मोडला, आणि ती आजही झुंजते आहे. वक्त्याच्या मोहाने सत्याचा कसा घात होतो, हाच त्या दिवशीचा विषय. आरंभही योजून ठेवला आहे. तुझे वडील सभेत असतीलच. त्यांनाही तिथेच कळेल. त्या सभेने माझी मान खाली गेलेली पाहावी, हीच माझी शिक्षा.

तुझे,
आजोबा

२५ सप्टेंबर

आजोबा,

नको.

माझी क्षमा मागायलासुद्धा तुम्हाला मीच लागते, आणि सभा लागते. त्या बाया पुन्हा डोळे टिपतील, चिटणीस पुन्हा ध्वनिमुद्रण करतील, लोक म्हणतील, ‘केवढा मोठा माणूस, भर सभेत चूक कबूल केली!’ आणि माझ्या मैत्रिणीची आई तेही पाठवेल. पहिल्यापेक्षा दुसरं प्रवचन जास्त गाजेल. तुमचा आरंभ योजून झालाय, यावरून मला ते कळलंच.

बाबांना तुम्ही दुसऱ्या रांगेत बसवून पुन्हा कळवणार? एकदा झालं तेवढं पुरे नाही?

त्या गृहस्थांचं म्हणाल तर त्यांच्या मुलाचं भलं होवो. पण त्या मुलाला सांगा, की मनातलं काही आजोबांना लिहू नकोस.

मला तुमची खाली गेलेली मान नकोय. दुकानाची पायरी चढा. बाबांच्या समोर बसा. त्यात ‘एक विद्यार्थिनी’ नको, दगड नको, पाणी नको. ‘तुझी मुलगी आजारी आहे आणि मी खोटं बोललो’, एवढंच. तुमच्या ताकदीच्या वक्त्याला हे छोटं वाक्य अवघड जाईल, याची मला कल्पना आहे.

तारीख तुम्हाला माहीत आहे.

— नात

२९ सप्टेंबर

चि. नातीस,
आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे.

काल सकाळी दुकान उघडताच गेलो. तुझे वडील एका चष्म्याच्या दांडीत स्क्रू बसवत होते. “या अण्णा! काय, नंबर वाढला वाटतं?” असे म्हणून त्यांनी स्टूल पुढे ओढले. समोर एक आजीबाई आपल्या चष्म्याची वाट पाहत बसल्या होत्या. मला ओळखून त्या म्हणाल्या, “अण्णा, त्या दगडवाल्या पोरीचं प्रवचन काय झालं हो! मी सुनेला दोनदा ऐकवलं.” तुझे वडील अभिमानाने माझ्याकडे पाहू लागले. त्या जाईपर्यंत मी स्टुलावर बसून राहिलो.

मग तोंड उघडले. पहिले शब्द आले ते असे, “समज, एखाद्या माणसाने...” आणि माझे मलाच ऐकू आले. थांबलो. तुझे वाक्य पाठ करून गेलो होतो. ते म्हटले. तू लिहिलेस तेवढेच.

“म्हणजे?” ते म्हणाले.

“म्हणजे ती पहिली आली नाही. पहाटेचा पाठही तिने धरलेला नाही. आजार खरा आहे. बाकीचे मी रचले.”

“कशाला?”

“शेवट गोड हवा होता.”

त्यांनी स्क्रू खाली ठेवला. मला वाटले रागावतील. ते रागावले असते तर सोपे गेले असते. ते म्हणाले, “अण्णा, ती फोनवर सांगत होती. नापास झाले म्हणाली, सही हवी म्हणाली. आणि मी हसलो. तुमच्या भरवशावर मी माझ्या पोरीला हसलो.”

मी म्हटले, “चूक माझी.”

“तुमची तर आहेच,” ते म्हणाले. “पण हसलो मी.”

मग उठून दिवे घालवू लागले. मी विचारले, “मी येऊ का बरोबर?” त्यांनी शटर अर्धे खाली ओढले आणि बाहेर माझ्यासाठी थांबले, मी वाकून बाहेर येईपर्यंत. म्हणाले, “नको अण्णा. आता तुम्ही मध्ये नको.” ते तसेच बसथांब्याकडे गेले. त्यांची छत्री दुकानातच राहिली.

योजलेले प्रवचन केले नाही; यापुढेही रविवारी बोलणार नाही, असे चिटणिसांना कळवले आहे. कारण त्यांनी विचारले, ते सांगितले नाही. ध्वनिमुद्रण काढून टाका असेही सांगितले. ते म्हणाले, ‘आता ते आपल्या हातात नाही, अण्णा.’

एकच मागणे आहे. ते मागण्याचा अधिकार उरलेला नाही, हे जाणून मागतो. पुढेमागे तुझ्या हातून दगडाचा पातळ काप नीट उतरला, तर काचेत काय दिसले, ते मला दोन ओळींत लिही. कुणाला सांगण्यासाठी नव्हे.

तुझा,
आजोबा

२० नोव्हेंबर

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

आपले २९ सप्टेंबरचे आणि त्यानंतरची दोन, अशी तिन्ही पत्रे मिळाली. उत्तरास उशीर झाला, क्षमा असावी.

बाबा त्या दिवशी संध्याकाळी पोहोचले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन त्यांनी सही केली. रजा मंजूर झाली आहे. मी वसतिगृह सोडून मावशीकडे राहते. बाबा पंधरा दिवसांनी येतात. ते फारसे बोलत नाहीत. माझ्यासमोर बसून राहतात आणि मी बोलले तर ऐकतात. त्यांना ते जमत नाही, पण ते बसतात.

माझी प्रकृती बरी आहे. औषध चालू आहे. इकडे हवा कोरडी आहे. मावशींचा गुडघा दुखतो, बाकी सर्व क्षेम. आपण पुन्हा प्रवचन सुरू केल्याचे बाबांकडून कळले. आपल्या घशाला जपावे.

आपण काही विचारले होते, म्हणून लिहिते. सरांच्या परवानगीने मी आठवड्यातून एकदा कार्यशाळेत जाते. गेल्या मंगळवारी काप केला. या वेळी मध्ये मध्ये थांबले. मामांनी पाहून मान हलवली. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

काय दिसलं, ते मी डॉक्टरबाईंना सांगितलं. तिथला पंखा अजून खडखडतो. पूर्वी ते सगळ्यात आधी तुम्हाला लिहिलं असतं.

आपली,
नात